‘दहावी झाल्यावर बघू’ म्हणता म्हणता एचपीव्ही लसीचे वय निघून जाते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलगी अकरा-बारा वर्षांची असताना गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवणाऱ्या एचपीव्ही लसीचा विषय काढला, की ठाणे-नवी मुंबईतल्या बहुतेक घरांतून एकच उत्तर येते : ‘अजून लहान आहे, दहावी होऊ दे, मग बघू.’ घोडबंदर रोडच्या सोसायटीत हे उत्तर क्लासच्या वेळापत्रकाकडे बोट दाखवून येते. दिघ्याच्या किंवा दिव्याच्या चाळीत तेच ‘लग्न ठरलं की देऊ’ या शब्दांत येते. दोन्हीकडे मुलीची काळजीच असते. पण या लसीचा किती उपयोग होणार हे सर्वाधिक ती कोणत्या वयात दिली यावर ठरते, आणि नेमकी हीच गोष्ट पालकांपर्यंत पोहोचलेली नाही. म्हणून हे सविस्तर पत्र.

आपल्या बोलण्यात ज्याला ‘पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर’ म्हणतात, तो गर्भाशयमुखाचा कर्करोग भारतातील स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाखालोखाल दुसऱ्या क्रमांकावर आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ च्या अंदाजानुसार देशात वर्षाला सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना तो होतो आणि जवळपास ८० हजार जणी त्याने दगावतात. बहुतेक कर्करोगांचे एक ठाम कारण सांगता येत नाही. याचे सांगता येते : ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजेच एचपीव्ही. हेराल्ड त्सूर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञांना या शोधासाठी २००८ साली नोबेल मिळाले. या विषाणूचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत. त्यांतले चौदाएक धोक्याचे, आणि त्यांतही १६ व १८ क्रमांकांचे दोन प्रकार मिळून जगभरातल्या सुमारे ७० टक्के गर्भाशयमुखाच्या कर्करोगांना जबाबदार आहेत. भारतात या दोघांचा वाटा त्याहूनही मोठा आहे.

हा विषाणू शरीरसंबंधातून, जननेंद्रियांच्या त्वचेच्या स्पर्शातून पसरतो आणि तो इतका सर्वत्र आहे, की संबंध सुरू झालेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी त्याची लागण होतेच. यात चारित्र्याचा संबंध नाही. एकाच जोडीदाराबरोबर आयुष्य काढलेल्या स्त्रीलाही तो होतो. दहापैकी साधारण नऊ जणींच्या शरीरातून दोन वर्षांत तो आपोआप जातो. ज्यांच्यात तो ठाण मांडून बसतो, त्यांच्या गर्भाशयमुखाच्या पेशींमध्ये त्याची दोन प्रथिने पेशीचे दोन नैसर्गिक ब्रेक निकामी करतात. पेशी बेलगाम वाढू लागतात, आधी कर्करोगपूर्व बदल होतात, आणि कर्करोग व्हायला साधारण दहा ते वीस वर्षे लागतात. विशी-पंचविशीत झालेली लागण चाळिशीत, म्हणजे घरचा सगळा भार तिच्यावर असताना, पुढे येते.

लसीचे काम या साखळीच्या अगदी पहिल्या कडीवर आहे. विषाणूच्या बाहेरच्या कवचातले एक प्रथिन प्रयोगशाळेत तयार करतात. ते आपोआप जुळून विषाणूसारखे पोकळ गोळे बनतात. आत विषाणूचा जनुकीय मजकूर नसतो, त्यामुळे लसीतून लागण होण्याचा प्रश्नच नाही. शरीर या कवचाविरुद्ध प्रतिपिंडे बनवते आणि पुढे खरा विषाणू आला की ती त्याला पेशीत शिरण्याआधीच अडवतात. मात्र एकदा शिरलेल्या विषाणूला ही लस बाहेर काढू शकत नाही आणि झालेला बदलही बरा करू शकत नाही. लस लागणीच्या आधी हवी ती एवढ्यासाठी.

‘आधी’ आणि ‘नंतर’ यांत किती फरक पडतो याचे आकडे आता आहेत. इंग्लंडमध्ये २००८ पासून शाळांमधून लस दिली जाते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या अभ्यासात बाराव्या-तेराव्या वर्षी लस देऊ केलेल्या मुलींच्या पिढीत गर्भाशयमुखाचा कर्करोग ८७ टक्क्यांनी घटला. ज्यांना ती चौदा ते सोळाव्या वर्षी देऊ केली गेली, त्यांच्यात ६२ टक्क्यांनी. सोळा ते अठराव्या वर्षीच्या गटात फक्त ३४ टक्क्यांनी. देश तोच, लस तीच, फरक केवळ चार-पाच वर्षांचा. स्वीडनमधल्या सोळा लाखांहून अधिक मुली-स्त्रियांच्या नोंदींतही हेच दिसले : सतराव्या वर्षाआधी लस घेतलेल्यांत ८८ टक्के घट, त्यानंतर घेतलेल्यांत ५३ टक्के. स्कॉटलंडमध्ये बाराव्या-तेराव्या वर्षी पूर्ण लस झालेल्या मुलींत आक्रमक कर्करोगाची एकही नोंद सापडली नाही, असा अहवाल २०२४ मध्ये आला. आपल्याकडच्या मुलींचे संबंध उशिरा सुरू होतात, म्हणून हे आकडे इथे तंतोतंत लागू होणार नाहीत, असे कोणी म्हणेल. बरोबर आहे. पण मुलीची इयत्ता आणि वय पाहून तिच्या आयुष्यात काय घडणार हे ठरवणे कोणत्याच आईबापाच्या हातात नसते. शिवाय लहान वयाचा दुसरा फायदा संबंधांवर अवलंबूनच नाही. नऊ ते चौदा या वयात शरीराचा लसीला मिळणारा प्रतिसाद इतका जोरदार असतो, की दोन डोसांत जेवढी प्रतिपिंडे तयार होतात, तेवढ्यासाठी मोठ्या मुलींना तीन डोस लागतात.

डोसांचे गणित असे. नऊ ते चौदा वर्षे पूर्ण, म्हणजे पंधरावा वाढदिवस होण्याआधी पहिला डोस झाला, तर दोन डोस, सहा महिन्यांच्या अंतराने. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यानंतर सुरुवात केली तर आपल्याकडच्या परवानगीनुसार तीन डोस : पहिला, त्यानंतर दोन महिन्यांनी दुसरा, पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. वय मोजायचे ते पहिल्या डोसच्या दिवशीचे. चौदा वर्षे अकरा महिन्यांच्या मुलीने पहिला डोस घेतला तर दुसरा पंधरा पूर्ण झाल्यावर पडला तरी तिचे दोनच. दुसरा डोस घाईने पाच महिन्यांच्या आत दिला गेला, तर मात्र तिसरा द्यावा लागतो. सुट्टीला गावी जायचे म्हणून चौथ्या महिन्यातच उरकून घेण्याची चूक नेहमी होते. उलट उशीर झाला तर घाबरू नये. राहिलेला डोस मिळेल तेव्हा घ्यावा, पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. सुरुवात ज्या कंपनीच्या लसीने केली तिनेच पूर्ण करणे चांगले. ती मिळतच नसेल तर दुसरी चालते, पण डोस चुकवू नये.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२२ पासून नऊ ते वीस वर्षांच्या निरोगी मुलींसाठी एक डोसही पुरेसा मानला आहे, आणि याचा एक महत्त्वाचा पुरावा आपल्याच देशातला आहे. २००९ मध्ये देशातल्या अनेक केंद्रांवर दोन आणि तीन डोसांची तुलना सुरू झाली होती. त्यांत आपल्या राज्यातले बार्शीही होते. एप्रिल २०१० मध्ये लसीचे सर्व अभ्यास सरकारने थांबवले आणि जवळपास पाच हजार मुलींना एकच डोस मिळालेला राहिला. त्या मुलींचा पाठपुरावा संशोधकांनी सोडला नाही. दहा वर्षांनी, १६ व १८ या प्रकारांच्या चिवट लागणीपासून एका डोसने ९५ टक्क्यांच्या आसपास संरक्षण दिल्याचे आढळले, म्हणजे दोन-तीन डोसांइतकेच. त्यामुळे शासकीय सत्रात मुलीला एकच डोस मिळाला, तर तो ‘सरकारी म्हणून अर्धवट’ समजू नये. एचआयव्हीबाधित किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असलेल्या मुलींसाठी मात्र एक पुरत नाही. त्यांना किमान दोन, शक्य तर तीन.

कोणती लस? पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्वाव्हॅक ही देशी लस ६, ११, १६ व १८ या चार प्रकारांवर आहे. तिला जुलै २०२२ मध्ये परवानगी मिळाली आणि २०२३ च्या सुरुवातीला ती बाजारात आली, तेव्हा डोसमागे किंमत २ हजार रुपयांच्या आसपास होती. नऊ प्रकारांवरची परदेशी लस तिच्या कित्येक पट महाग आहे. पैशांची अडचण नसेल तर नऊ प्रकारांची घ्यावी, तिचे संरक्षण अधिक रुंद आहे. पण ‘घ्यायची तर भारीच घेऊ, पैसे साठले की’ म्हणून दोन-तीन वर्षे थांबणे हा आमच्या मते सरळ तोट्याचा व्यवहार आहे. दोन्ही लसी कर्करोगाच्या मुख्य दोन प्रकारांना अडवतात, आणि थांबण्यात पंधरावे उलटले तर डोस वाढून खर्चही दीडपट होतो.

‘लग्न ठरल्यावर’ या बेताचे काय होते तेही सांगायला हवे. तीन डोसांना सहा महिने लागतात. साखरपुडा आणि लग्न यांत अनेकदा तीन महिनेही नसतात. दोन डोस होतात, दिवस राहतात, गरोदरपणी ही लस देत नाहीत म्हणून तिसरा थांबतो आणि बाळंतपणाच्या धबडग्यात विसरतो. (गरोदर असल्याचे माहीत नसताना डोस गेला तर गर्भाला अपाय झाल्याचे आढळलेले नाही. गर्भपाताचा विचारही करू नये. उरलेले डोस बाळंतपणानंतर घ्यावेत, अंगावर पाजत असतानाही चालतात.) लग्नाच्या वयात, किंवा लग्नानंतरही, डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतलेल्या लसीचा काही उपयोग नक्की होतो. लस घेण्याआधी एचपीव्हीची किंवा पॅपची (गर्भाशयमुखाच्या पेशींची) तपासणी करून घ्यायची गरज नाही. पाळी चालू असतानाही लस घेता येते.

आता प्रत्यक्ष टोचण्याविषयी. अर्धा मिलिलिटर लस, दंडाच्या वरच्या भागातल्या स्नायूत, खांद्याच्या हाडाच्या टोकाखाली दोन-तीन बोटे अंतरावर. त्याहून वर टोचली तर सुई सांध्यालगत जाऊन खांदा आठवडे-महिने दुखू शकतो. म्हणून मुलीची बाही नुसती वर सरकवून अर्धाच दंड उघडा ठेवू नये, पूर्ण मोकळा करावा. युनिफॉर्मच्या घट्ट बाह्यांमुळे हे हमखास घडते. ही लस इतर काही लसींपेक्षा जरा जास्त झोंबते आणि हात एक-दोन दिवस दुखतो, हे मुलीला आधीच सांगून ठेवावे. हलका ताप आला तर पॅरासिटामॉल पुरते. टोचलेली जागा चोळू नये. दहाव्या वर्षी शाळेत धनुर्वात-घटसर्पाची टीडी लस देतात. तिच्याबरोबर एकाच दिवशी, दुसऱ्या दंडात एचपीव्ही देता येते. पाचवीच्या वर्गासाठी याहून सोपी सांगड दुसरी नाही.

शाळेतल्या सत्रात सर्वांत जास्त गोंधळ होतो तो लसीमुळे नव्हे, रांगेमुळे. किशोरवयीन मुलींना कोणत्याही इंजेक्शननंतर भोवळ येऊ शकते. सकाळी सातची शाळा, डबा न खाता अकरापर्यंत उभे राहणे, पुढच्या मुलीचा चेहरा आणि सुई समोर दिसणे, एवढे झाले की एक पडते, तिला पाहून तीन पडतात, कोणीतरी व्हिडिओ काढते आणि दुपारपर्यंत तो सगळ्या पालकांच्या ग्रुपवर असतो. टाळणे अवघड नाही. लस मधल्या सुट्टीनंतर, खाऊन झाल्यावर द्यावी. थांबण्याची खोली, टोचण्याची खोली आणि नंतर बसण्याची खोली वेगवेगळी असावी. मुलीला बसवून टोचावे. नंतर पंधरा मिनिटे घड्याळ लावून बसवून ठेवावे. भोवळ आलीच तर आडवे करून पाय उंच करावेत, मिनिटभरात ती सावरते. खरी तीव्र अ‍ॅलर्जी अत्यंत विरळ आहे, दहा लाख डोसांमागे दोनाहूनही कमी. तरीही त्यासाठी अ‍ॅड्रेनलिनची मुदत तपासलेली कुपी आणि ती मांडीच्या स्नायूत देता येणारी व्यक्ती त्याच खोलीत हवी. कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांकडे आणि मुख्याध्यापक बैठकीला, असे चालणार नाही. मुलीला जोराचा ताप असेल तर दिवस पुढे ढकलावा. सर्दी-खोकल्यासाठी पुढे ढकलू नये. आधीच्या डोसनंतर तीव्र अ‍ॅलर्जी आली असेल, किंवा यीस्टची तशी अ‍ॅलर्जी असेल, तर देऊ नये.

शीतसाखळीचा मुद्दा पालकांच्या नजरेतून सुटतो. ही लस २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायची. तिला उन्हाइतकाच, किंबहुना जास्त, धोका गोठण्याचा आहे. लसीत अ‍ॅल्युमिनियमचा क्षार असतो. गोठली की त्याचे कण एकमेकांना चिकटतात आणि वितळल्यावर कुपी वरून ठीक दिसली तरी तिची ताकद गेलेली असते. फ्रीजरमधून काढलेले दगडासारखे आइस पॅक थेट व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये भरले की बाजूच्या कुप्या गोठतात. पॅक बाहेर ठेवून, हलवल्यावर आत पाण्याचा आवाज येईपर्यंत थांबायचे, हा नियम घाईत मोडतो. दवाखान्यातल्या साध्या फ्रीजमध्ये लस दाराच्या कप्प्यात किंवा फ्रीजरखालच्या ट्रेमध्ये नको, मधल्या कप्प्यात हवी, शेजारी थर्मामीटर आणि दिवसातून दोनदा नोंद. दिवा, मुंब्रा, कळवा भागांत वीज जाण्याचे प्रमाण पाहता ही नोंदवही पाहायला मागणे हा पालकांचा आगाऊपणा नाही. आणि मेडिकलमधून लस विकत घेऊन ती पिशवीत टाकून, रिक्षाने, मे महिन्याच्या दुपारी डॉक्टरांकडे नेणे शक्यतो टाळावेच. दवाखान्यानेच मागवलेली लस घ्यावी. नेणे भागच असेल तर बर्फाच्या पिशवीवर कागद किंवा कापड गुंडाळून, लस तिला थेट न टेकवता, दुकानातून सरळ दवाखान्यात. टोचण्याआधी कुपी चांगली हलवलेली पाहावी. कार्डावर लसीचे नाव, बॅच क्रमांक आणि तारीख लिहून घ्यावी. दुसऱ्या डोसला हेच कार्ड लागते आणि बदली झालेल्या कुटुंबांकडे नेमके तेच सापडत नाही, म्हणून मोबाइलमध्ये त्याचा फोटो असू द्या.

भीतीबद्दल. ‘लसीने पुढे मूल होत नाही’ ही अफवा उंच इमारतींत आणि वस्त्यांत सारखीच फिरते. जगभर कोट्यवधी डोस दिल्यानंतरच्या पाहण्यांत वंध्यत्वाशी संबंध सापडलेला नाही. उलट कर्करोगपूर्व बदलांसाठी गर्भाशयमुखाचा तुकडा काढावा लागला तर पुढच्या गरोदरपणात बाळ दिवस भरण्याआधी जन्मण्याचा धोका वाढतो, आणि लस ती वेळ टाळते. ‘लस दिली म्हणजे मुलीला मोकळीक दिली’ असे मानणाऱ्या पालकांना एवढेच सांगावेसे वाटते, की बाळाला कावीळ ‘बी’ची लस देताना आपण असा प्रश्न विचारला नव्हता. तोही विषाणू शरीरसंबंधातून पसरतोच.

२०१० मध्ये भारतात लसीचे अभ्यास का थांबले, हा प्रश्न मात्र रास्त आहे आणि त्याचे उत्तर झाकून ठेवणे लसीच्या हिताचे नाही. तेव्हाच्या आंध्रातील (आता तेलंगणातील) खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा जिल्ह्यांतील प्रकल्पात लस घेतलेल्या सात मुलींचे मृत्यू नोंदले गेले. चौकशीत त्यांचा लसीशी संबंध आढळला नाही. बुडणे, सर्पदंश, कीटकनाशक अशी कारणे निघाली. पण त्याच चौकशीत संमतीची प्रक्रिया सदोष असल्याचे उघड झाले : वसतिगृहाच्या अधीक्षकांनी मुलींच्या वतीने संमतीपत्रांवर सह्या केल्या होत्या. विश्वास तिथे तुटला. जपानमध्ये दुष्परिणामांच्या बातम्यांमुळे २०१३ मध्ये सरकारने शिफारस थांबवली, लसीकरण ७० टक्क्यांच्या आसपास होते ते एका टक्क्याखाली आले, आणि संबंध सिद्ध न झाल्याने २०२२ मध्ये ती पुन्हा सुरू करावी लागली. मधल्या नऊ वर्षांतल्या मुली लसीविना मोठ्या झाल्या. म्हणूनच ठाणे आणि नवी मुंबई महापालिकेच्या शाळांत संमतीपत्र मराठी, हिंदी आणि उर्दूत, पालकाला घरी वाचायला किमान आठवडाभर आधी मिळाले पाहिजे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना पालकसभेत सिस्टरने ते वाचून दाखवले पाहिजे. ‘नाही’ म्हणणाऱ्या पालकाच्या मुलीला वर्गासमोर उभे करू नये. अनेकदा तेच पालक सहा महिन्यांनी ‘हो’ म्हणतात.

मुलग्यांनाही ही लस देता येते. त्यांना घशाच्या, गुदद्वाराच्या आणि लिंगाच्या काही कर्करोगांपासून व जननेंद्रियांवरच्या चामखिळींपासून संरक्षण मिळते. साठा मर्यादित असेल तर आधी मुली.

ज्यावर सर्वांत कमी बोलले जाते ते आता : मुलीला लस देणाऱ्या आईची स्वतःची तपासणी. आज पस्तीस-चाळीस-पन्नाशीत असलेल्या स्त्रियांपर्यंत लस वेळेत पोहोचली नाही. पुढची वीस वर्षे जो कर्करोग दिसणार आहे तो मुख्यतः त्यांच्यातला. जागतिक आरोग्य संघटनेचे २०३० साठीचे लक्ष्यही तिहेरी आहे : पंधरा वर्षांपर्यंतच्या ९० टक्के मुलींना लस, ७० टक्के स्त्रियांची पस्तिसाव्या वर्षाच्या आत एकदा आणि पंचेचाळिसाव्याच्या आत पुन्हा चांगली तपासणी, आणि दोष आढळलेल्या ९० टक्के जणींना उपचार. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तीस ते पासष्ट वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी ‘व्हीआयए’ तपासणी आहे. गर्भाशयमुखावर ३ ते ५ टक्के अ‍ॅसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरच्या जातीचे द्रावण, लावायचे, एक मिनिट थांबायचे आणि पांढरा डाग उठतो का ते पाहायचे. महागडे यंत्र नाही, रिपोर्टची वाट नाही. टाटा स्मारक केंद्राने १९९८ पासून मुंबईच्या झोपडवस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून हीच तपासणी दर दोन वर्षांनी करवली, आणि या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनेही मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

एचपीव्ही तपासणी अधिक अचूक आहे आणि तिचा नमुना स्त्रीला पडद्याआड स्वतः घेता येतो. ज्या बायका तपासणीच्या टेबलावर झोपायला तयार नसतात त्यांच्यासाठी हा मोठा दिलासा आहे. पाळी गेल्यानंतर व्हीआयए फारशी भरवशाची राहत नाही, कारण पाहायचा भाग आत सरकतो. तिथे एचपीव्ही तपासणीच योग्य. तपासणीला पाळीच्या दिवसांत जाऊ नये. आधीचे दोन दिवस योनीमार्गात औषध आणि संबंध नकोत. डाग आढळला म्हणजे कर्करोग झाला असे नाही. कर्करोगपूर्व बदल असला आणि तो योग्य जागी असेल तर अर्ध्या मिनिटाच्या उष्णता-उपचाराने, भूल न देता, त्याच दिवशी जाळता येतो. संबंधानंतर रक्त जाणे, पाळी बंद झाल्यावर पुन्हा अंगावरून जाणे, घाण वासाचे पाणी जाणे, हे मात्र तपासणी-शिबिराची वाट पाहण्याचे नाही. तडक स्त्रीरोगतज्ज्ञाकडे. बायका हे अंगावर काढतात आणि वर्ष निघून जाते.

ते वर्ष निघून गेल्यावर काय असते? आजार पसरलेला पण उपचार शक्य असलेल्या अवस्थेत साधारण पाच आठवडे, आठवड्याचे पाच दिवस बाहेरून किरणोपचार, दर आठवड्याला सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाचे सलाइन, आणि नंतर आतून देण्याचे किरणोपचार. सगळे मिळून आठ आठवड्यांत संपले पाहिजेत, लांबले तर परिणाम घटतो. दिव्याच्या चाळीतल्या बाईने रोज दिवा-ठाणे, मग ट्रान्स-हार्बरने खारघरच्या कर्करोग रुग्णालयात, आणि संध्याकाळी परत येऊन स्वयंपाक, हे पंचवीस दिवस कसे करायचे? घरकाम करणारीची चार कामे पहिल्या पंधरवड्यातच सुटतात.

दोन्ही महापालिकांना, पनवेल महापालिकेला आणि जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाला आमच्या मागण्या अगदी साध्या आहेत. शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. संमतीपत्रे जुलैत, पहिला डोस ऑगस्टच्या आत, आणि दोन डोस द्यायचे असतील तर दुसरा फेब्रुवारीत, वार्षिक परीक्षेआधी, असे वेळापत्रक धरले तर दोन्ही डोस एकाच शैक्षणिक वर्षात, त्याच वर्गशिक्षिकेच्या यादीवर पूर्ण होतात. दिवाळीनंतर सुरुवात केली तर दुसरा डोस मेच्या सुट्टीत पडतो आणि निम्मा वर्ग गावी असतो. शाळेत नसलेल्या मुलींची यादी आशा ताईंनी वेगळी करावी : आठवीनंतर शाळा सुटलेल्या, नाक्यावर काम शोधणाऱ्या कुटुंबांतल्या, तुर्भे-दिघ्याच्या खाणवस्तीतल्या. भिवंडी-शहापूरकडच्या वीटभट्ट्यांवर दिवाळीनंतर येणारी आणि पावसाआधी परतणारी कातकरी कुटुंबे शाळेच्या कोणत्याच पटावर सापडत नाहीत. त्यांच्यासाठी नोव्हेंबर ते मे या काळात भट्टीवरच सत्र ठेवावे आणि कार्डाची एक प्रत मूळ गावच्या आरोग्य उपकेंद्राला पाठवावी. मुलींच्या लसीच्या दिवशीच त्याच नागरी आरोग्य केंद्रात आयांच्या तपासणीची वेळ द्यावी. त्या दिवशी आई तशीही रजा टाकून आलेली असते. आणि प्रत्येक नागरी आरोग्य केंद्राबाहेर लसीच्या सत्राचा वार, वेळ, वयोगट आणि साठा आहे की नाही हे रोज खडूने लिहिलेला एक फळा लावावा, म्हणजे वागळे इस्टेटहून किंवा रबाळ्याहून अर्ध्या दिवसाचा खाडा करून आलेली आई हात हलवत परत जाणार नाही.

आपले,
ठाणे व नवी मुंबईत काम करणारे काही स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ व परिचारिका